मे महिन्यातली थंडी

वऱ्हाडातला मे महिना कसा असतो, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर, अमरावतीत दुपारी बारानंतर रस्ते ओस, आणि घरोघरी कूलरच्या टाकीत पाणी कुणी ओतायचं यावरून कुरबुर. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आमच्या घरात भांडण झालं, ते मात्र कूलर बंद करण्यावरून.

धाकट्या भावाची बायको कोपऱ्यात चादर घेऊन बसली होती. लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती, तरी घरात सगळे तिला अजून दुल्हनच म्हणतात. ती म्हणाली, "मले थंडी वाजते, जरा बंद करा ना." अम्मी वैतागून म्हणाल्या, "काहून वं, साऱ्या जगाले ऊन लागते अन् तुलेच थंडी?" भाऊ हसला. मुलांनी कूलर चालूच ठेवला. आम्हीही काही बोललो नाही. ती उठून स्वयंपाकघरात चुलीजवळ जाऊन बसली.

वर्ष-दीड वर्षापासून तिचं असंच चाललं होतं. सकाळी उठवत नव्हतं. सांगितलेलं काम विसरायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, कंगव्यात केसांचा पुंजका. पोट साफ होत नसे, म्हणून चूर्ण चालू होतं. पाळीत रक्त जास्त जायचं, म्हणून लोहाच्या गोळ्या. अंगाला कोरड पडली, म्हणून तेल. केसांसाठी आणखी एक तेल. एका खालांनी नजर लागल्याचं सांगितलं, तेही उतरवून झालं. एकेका तक्रारीवर एकेक उपाय होत होता. साऱ्या तक्रारी एकाच बाईच्या आहेत, हे कुणी एकत्र मांडून पाहिलं नव्हतं. घराचा निकाल एवढाच होता की दुल्हन आळशी झाली, खाऊनपिऊन सुटली.

मग एकदा मुलाला ताप आला म्हणून भाऊ आणि ती डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मुलाला तपासलं, आणि औषध लिहिता लिहिता आईचा आवाज ऐकून मान वर केली. तिचा हात हातात घेतला. बाहेर लू चालू आणि हात गार, खरखरीत. त्यांनी मुलाच्या कागदाखाली आणखी एक कागद लिहिला, त्यावर तीन अक्षरं होती: टीएसएच. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, आकडा नव्वदच्या वर. समोर छापलेली मर्यादा साधारण चार-साडेचारची.

घरात लगेच बोलणं सुरू झालं. "थायरॉईड वाढलाय. मग कमी करायची गोळी देतील." गेली काही वर्षं हे वाक्य आम्ही इतक्या घरांत ऐकलं आहे की आधी त्याचाच खुलासा करतो.

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्यांचा रस नळीतून कुठे जात नाही, थेट रक्तात मिसळतो आणि रक्ताबरोबर सगळीकडे पोचतो. त्या रसाला हार्मोन म्हणतात, शाळेच्या पुस्तकात संप्रेरक. हार्मोन हा शब्द इंग्लंडच्या स्टार्लिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ साली वापरात आणला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणारा, हलवणारा. मात्रा अगदी नगण्य असते. थायरॉईडच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत औषध असतं ग्रॅमचा दहा हजारावा भाग, म्हणजे मिठाच्या एका बारीक कणासारखं. तेवढ्यावर माणसाची ऊब, झोप, पोट, पाळी, हृदयाचे ठोके आणि डोक्याची चपळाई अवलंबून असते.

थायरॉईड गळ्यात घाटीच्या खाली असते, फुलपाखरासारखी दोन पाखांची. शरीराने चूल किती मोठी ठेवायची ते तिच्या रसावर ठरतं. तिच्यावर देखरेख करणारी दुसरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी आहे, वाटाण्याएवढी. तिला पिट्युटरी म्हणतात, मराठीत पीयूषिका.

अकोला-अमरावतीच्या वाचकांना जिनिंगची उपमा लगेच समजेल. पीयूषिका म्हणजे मुकादम, थायरॉईड म्हणजे कामगार. मुकादम दारात उभा राहून गाठी मोजतो. गाठी बरोबर निघत असतील तर तो हळू आवाजात बोलतो. कामगार ढिले पडले की ओरडतो, आणखी ढिले पडले की आणखी मोठ्याने ओरडतो. टीएसएच हा मुकादमाचा आवाज आहे. तो नव्वदवर गेला याचा अर्थ कामगार जवळजवळ थांबले आहेत. म्हणजे टीएसएच वाढला तर थायरॉईड कमी झालेला असतो, आणि टीएसएच अगदी तळाला गेला तर बहुधा थायरॉईड जास्त झालेला. रिपोर्टवर 'एच' की 'एल' छापलंय एवढंच पाहून शेजारणीची गोळी सुरू करणाऱ्या भगिनी आम्हाला माहीत आहेत, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

कामगार का थांबतात? आजकाल सर्वांत जास्त दिसणारं कारण असं की शरीराची रोगांशी लढणारी फौज चुकून आपल्याच थायरॉईडवर उलटते. त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात, एका जपानी डॉक्टरांच्या नावावरून. त्यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुरुषांपेक्षा बायकांना तो कितीतरी पटींनी जास्त होतो आणि घराण्यात फिरतो. आईला असेल तर मुलीकडे लक्ष ठेवावं. उलट प्रकारही असतो. ग्रंथी बेलगाम चालते, हात थरथरतात, छाती धडधडते, खाऊनही माणूस वाळतो, गर्मी सोसत नाही, कधी डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. अशा बाईला घरात 'तापट' म्हणतात. पहिलीला आळशी, दुसरीला तापट. दोघींच्याही स्वभावावर आपण घरी बसून शेरा मारतो, आणि खात्री एका रक्ततपासणीने होण्यासारखी असते.

इथे दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. प्रत्येक थकवा थायरॉईड नसतो. चार तास झोप, दोन लहान मुलं, अंगात रक्त कमी, एवढंही थकायला पुरतं. टीएसएच पाच-सहा आला म्हणून लगेच जन्मभराची गोळी लागतेच असं नाही. पुष्कळदा डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात, आणि ते बरोबरच आहे. आणि वजन? थायरॉईड कमी झाल्याने वाढतं ते थोडं, काही किलो, त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी. वीस-पंचवीस किलोंचा दोष थायरॉईडवर टाकून बिर्याणीला निर्दोष सोडता येणार नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्यामुळे रिपोर्ट चुकू शकतो.

आता त्या रात्रीची गोष्ट. रिपोर्ट आला, गोळीची बाटली आली, आणि बाटली पाहून दुल्हन रडायला लागली. तिला ती बाटली ओळखीची होती.

लग्नाआधी, एकोणीस वर्षांची असताना, अकोल्याला माहेरी तिला हाच आजार निघाला होता. गोळी सुरू झाली, बरंही वाटत होतं. मग रिश्ता आला. तिच्या अम्मींनी सामान भरताना बाटली बॅगेतून काढून घेतली आणि पावडरच्या डब्यात गोळ्या भरून दिल्या. सासरी कुणी विचारलं तर काय सांगशील, म्हणून. माहेरी गेली की तो डबा पुन्हा भरून मिळायचा. दोन वर्षं असं चाललं, त्यातच पहिला मुलगा झाला. मग तिच्या अम्मींचा इंतकाल झाला. डबा भरणारं कुणी राहिलं नाही आणि गोळी थांबली. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कसं, लपवलं होतं ना! पुढे एकदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. डॉक्टरांनी नंतर आम्हाला नीट सांगितलं की तो यामुळेच पडला असं ठामपणे म्हणता येत नाही, गर्भ पडण्याची कारणं अनेक असतात. पण थायरॉईड इतका कमी असताना धोका वाढतो, हेही त्यांनी सांगितलं.

त्या बाईला, तिच्या मरहूम अम्मींना, आम्ही दोष देत नाही. त्यांना आपल्यासारख्यांची भीती होती. रिश्ता पाहायला गेलेल्या बायका मुलीला काय काय विचारतात, ते आम्ही स्वतः बसून ऐकलेलं आहे. 'काही गोळी-औषध चालू नाही ना?' हा प्रश्न त्यात असतोच. थायरॉईडची मुलगी म्हणजे मूल होणार नाही, असा समज आपल्या मोहल्ल्यांत आहे. खरं असं आहे की गोळी नीट चालू असेल आणि टीएसएच जागेवर असेल तर दिवस राहण्यात किंवा बाळंतपणात सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती गोळी पावडरच्या डब्यात लपवावी लागते तेव्हा. मुलाकडच्यांनी हा प्रश्न विचारायचाच असेल तर आपल्या मुलाची साखरही त्याच दिवशी तपासून घ्यावी.

"जन्मभर गोळी म्हणजे सवय लागणार" हे दुसरं ओझं. नशेची सवय वेगळी असते. इथे शरीर जो रस स्वतः बनवायचं तोच बाहेरून द्यावा लागतो, कारण बनवणारे कामगार उरलेले नाहीत. याची सुरुवात कशी झाली तेही वाचण्यासारखं आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टराने मेंढीच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क काढला आणि एका ४६ वर्षांच्या रुग्ण बाईला टोचला. सुजलेली, मंदावलेली ती बाई काही महिन्यांत हिंडू-फिरू लागली, आणि हाच उपचार घेत वयाच्या ७४व्या वर्षापर्यंत जगली. पुढे १९२७ मध्ये तो रस प्रयोगशाळेत बनवता आला. आजची थायरॉक्सिनची गोळी अशीच कारखान्यात बनते, तिच्यातलं औषध जनावरापासून काढलेलं नसतं. ही शंका आम्हाला पत्रातून विचारली जाते म्हणून लिहिलं. इन्सुलिनचंही तेच. १९२२ पासून पुढे कित्येक दशकं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत असत, पण १९८२ पासून माणसाच्या इन्सुलिनसारखं इन्सुलिन जिवाणूंकडून तयार करून घेतलं जाऊ लागलं. आज दुकानात मिळणारं बहुतेक असंच असतं. शंका असेल तर केमिस्टला खोका दाखवायला सांगा, पण शंकेपायी सुई थांबवू नका.

ग्रंथीचा विषय निघालाच आहे तर बकरी ईदच्या आधी कामाची एक गोष्ट. १९८०च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटाच्या भागात शंभराहून अधिक माणसांची छाती एकाएकी धडधडू लागली, वजनं उतरली. शोध घेतल्यावर कळलं की एका कत्तलखान्यात जनावराच्या गळ्याचं मांस खरवडून खिम्यात घातलं जात होतं, आणि त्यात थायरॉईड ग्रंथी मिसळत होती. आपले जाणते कसाई नरड्याजवळच्या गाठी काढून टाकतात. घरी गोश्त साफ करणाऱ्यांनीही टाकाव्यात.

गोळी कशी घ्यायची यात घरोघर गोंधळ असतो. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही. आम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे सकाळचा चहा थांबवणं गोळीपेक्षा कठीण. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी हिच्याबरोबर घेतली तर हिचा काही भाग आतड्यातच अडतो, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. दुल्हनच्या लोहाच्या गोळ्या म्हणून दुपारवर गेल्या. गोळीला उष्णता, ओल आणि उजेड सोसत नाही. बाटली खिडकीत, फ्रिजच्या माथ्यावर किंवा चुलीवरच्या फळीवर ठेवू नका. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर घरातला सर्वांत थंड, कोरडा कोपरा शोधा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, त्याआधी केली तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो. आणि बरं वाटायला लागलं म्हणून बंद करायची नाही. बरं वाटतंय ते तिच्यामुळेच.

रमजानमध्ये काय करायचं? दोन रस्ते सोपे आहेत. एक, सेहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून गोळी घ्यायची, मग तहज्जुद किंवा स्वयंपाक, मग सेहरी. दुसरा, तरावीहनंतर झोपताना, शेवटचं खाणं होऊन तीन तास झाले असतील तर. इफ्तारला खजुराबरोबर घेऊ नये, पोट भरत असताना ती नीट लागू पडत नाही. एखाद्या दिवशी राहिली तर घाबरू नका. हा रस रक्तात हळूहळू उतरतो, निम्मा व्हायला साधारण आठवडा लागतो. महिनाभर मात्र सोडू नका. थायरॉईडच्या गोळीवर असलेल्या, एरवी ठणठणीत बाईला रोजे ठेवायला सहसा अडचण नसते.

मधुमेहाचं तसं नाही. तोही हार्मोनचाच आजार आहे, स्वादुपिंडातलं इन्सुलिन कमी पडतं किंवा शरीर त्याला दाद देत नाही. १३ मुस्लिम देशांतल्या १२,२४३ मधुमेही रुग्णांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की रमजानमध्ये साखर धोकादायकपणे उतरण्याचे प्रसंग, टाइप २ म्हणजे मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात, इतर महिन्यांच्या साडेसात पट झाले. म्हणून रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्या. रोज्यात बोटातून थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमांनी सांगितलेलं आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा सोडायचा, संध्याकाळची वाट पाहायची नाही. आजाऱ्याला सूरह बकरामध्ये सवलत आहे, आणि ती सवलत घेणाऱ्याकडे घरात कुणी वाकड्या नजरेने पाहू नये. मधुमेहावर पुढे स्वतंत्र लिहू, तो एवढ्यात मावणारा नाही.

आता मिठाकडे येतो. थायरॉईडचा रस बनतो आयोडीनपासून, आणि आयोडीन आपल्याला अन्न-पाण्यातूनच मिळवावं लागतं. डोंगराळ भागातल्या मातीतून ते पावसाने धुऊन जातं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, आणि गावोगावी गळ्याला लोंबणारे गलगंड कमी झाले. त्यावरूनच देशभरच्या मिठात आयोडीन घालण्याचं धोरण उभं राहिलं. १७ मे २००६ पासून, खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे. घरात पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या, म्हणजे दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, तिकडे अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी एक विशेष गोष्ट. आम्हाला तिथे एका घरात ऐकायला मिळालं, "आमच्या विहिरीचं पाणीच खारट, आम्हाला आयोडीनचं मीठ कशाला?" पाणी खारट लागतं ते सोडियम आणि इतर क्षारांमुळे. आयोडीन इतकं थोडं असतं की जिभेला कळतच नाही. खारं पाणी म्हणजे आयोडीनचं पाणी, असा हिशेब धरू नका. तसंच लोणच्याचं जाडं मीठ आणि हल्ली शहरात आलेलं महागडं सैंधव. पुडीवर आयोडीनयुक्त लिहिलं नसेल तर ते रोजच्या वापराचं मीठ नव्हे. ब्लडप्रेशर असेल तर मीठ कमी खा, पण जे खाल ते आयोडीनचं. पुडी फोडल्यावर झाकणाच्या बरणीत ठेवा, चुलीच्या शेजारी नको. आशाताईंकडे मीठ तपासायची छोटी कुपी असते. थेंब टाकल्यावर मीठ निळं-जांभळं झालं तर आयोडीन आहे.

मुकादमाच्या उपमेतून आणखी एक आजार समजतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर अॅड्रिनल ग्रंथी असतात. त्यांचा रस ताण, ताप, अपघात अशा वेळी माणसाला उभं ठेवतो. त्याच जातीचं औषध म्हणजे स्टेरॉइड. योग्य आजारात डॉक्टरांनी मोजून दिलं तर ते जीव वाचवतं, त्याला घाबरू नये. पण सांधेदुखी किंवा दम्यावर कुणीतरी बिननावाच्या पुड्या देतो आणि तीन दिवसांत गुडघे पळायला लागतात, तेव्हा त्या पुडीत हे असण्याचा संशय धरावा. महिनोन् महिने घेतलं की चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक होतात, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि माल बाहेरून येतोय म्हटल्यावर मुकादम गप्प बसतो, कामगार झोपी जातात. मग कुणी सांगितलं की पुडीत काही वाईट आहे, आणि माणसाने ती एका दिवसात फेकली, तर शरीराकडे ना बाहेरचा माल ना घरचा. उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, जीवही जाऊ शकतो. अशा पुड्या बंद करायच्याच आहेत, पण एकदम नाही. डॉक्टरांना खरं सांगून, हळूहळू.

तरुण मुलींमधल्या पीसीओएसबद्दल पत्रं येतात. पाळी दोन-तीन महिन्यांनी, हनुवटीवर केस, मुरुमं, वजन. आया लिहितात की निकाह झाला की ठीक होईल असं सगळे सांगतात. निकाहने पाळी सुधारत नाही. वजन थोडं उतरलं, शंभरातले पाच-सात किलो जरी, तरी पुष्कळ मुलींची पाळी रुळावर येते. आधी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन तपासून घ्यावं, कारण तीच तक्रार त्यांच्यामुळेही होते. आणि लग्नानंतर मूल होत नसेल तर सुनेबरोबर मुलाचीही तपासणी, पहिल्याच खेपेला. ती सोपी आणि स्वस्त आहे, तरी आपल्याकडे सर्वांत शेवटी होते.

शेवटी बाळांचं, आणि यात उशीर चालत नाही. आपल्या देशात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एक बाळ जन्मतःच थायरॉईड कमी घेऊन येतं. जन्मताना ते चांगलं गुटगुटीत दिसतं. मग काही आठवडे कावीळ रेंगाळते, पोट कडक राहतं, बेंबी बाहेर येते, जीभ मोठी वाटते, आवाज घोगरा. आणि ते रडत नाही. पडल्या जागी झोपून राहतं, दुधासाठी उठवावं लागतं. घरात कौतुक होतं की पोर मोठी गुणी आहे, त्रास म्हणून देत नाही. तीन-चार महिन्यांनी, ती मान धरत नाही हे लक्षात येतं, तोवर तिच्या बुद्धीचं झालेलं नुकसान पुरतं भरून निघत नाही. तेच बाळ पहिल्या दोन आठवड्यांत गोळीवर आलं तर इतर मुलांसारखं वाढतं, शाळेत जातं. त्यासाठी जन्मानंतर दोन दिवसांनी, घरी नेण्याआधी, बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन तपासतात. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही. सरकारी रुग्णालय असो की खासगी, सुट्टी घेताना आपण विचारायचं: बाळाचा टीएसएच झाला का? नसेल झाला तर कुठे होईल, ते विचारून त्याच आठवड्यात करून घ्यायचा. गरोदर बाईने दिवस राहिल्याचं कळताच स्वतःचा टीएसएच करून घ्यावा. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर वाढतं. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईला तेव्हा डोस पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. तो स्वतः वाढवू नये, आणि भीतीने बंद तर मुळीच करू नये.

गेल्या वर्षी दुल्हनला मुलगी झाली. नऊ महिन्यांत पाच वेळा टीएसएच केला आणि दोनदा गोळी वाढली. तिसऱ्या दिवशी मुलीच्या टाचेतून थेंब घेतले, तेव्हा अम्मी बाहेर बाकावर तस्बीह घेऊन बसल्या होत्या. रिपोर्ट चांगला आला, अलहम्दुलिल्लाह. गोळ्यांची बाटली आता अम्मींच्याच कपाटात असते, खालच्या कप्प्यात, जिथे ऊन येत नाही. कूलरवरून भांडण या मेमध्येही झालं. अम्मींना थंडी वाजत होती. त्यांचा टीएसएच सोमवारी करायचा आहे.

पुढच्या अंकात मधुमेह आणि रोजा. औषधांच्या वेळांबद्दलचे प्रश्न पंधरा तारखेपर्यंत पाठवा, म्हणजे त्याच अंकात उत्तरं देता येतील.